झडप बंद, गाडी खाली

१. माझा जॅक

गाडी खाली बसली तेव्हा मी घरात नव्हते, तरी गुन्हेगार मीच ठरले.

सुट्टीची सकाळ होती. भाजी घेऊन परतले तर फाटक सताड उघडं, शेडमध्ये कुणी नाही, आणि आमची गाडी पुढच्या डाव्या बाजूने जमिनीला टेकलेली. चाक काढून बाजूला ठेवलेलं. फरशीवर रक्त. शेजारच्या मास्तरीणबाईंनी कुंपणावरून सांगितलं, की तुमच्या दिरांचा हात गाडीखाली सापडला, आमचे हे त्यांना घेऊन दवाखान्यात गेलेत, सगळे बरोबर गेलेत. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमच्या त्या नव्या जॅकने घात केला म्हणे." म्हणे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

घरात आम्ही चौघं. माझा नवरा, त्याचा धाकटा भाऊ म्हणजे माझा दीर, दिराची बायको आणि मी. दिराच्या बायकोला मी पहिल्यापासून धाकटी म्हणते आणि ती मला ताई. सासू-सासरे गेल्यावर वेगळं होण्याचा विषय नातेवाइकांनी बऱ्याचदा काढून पाहिला, आम्ही कधी काढला नाही. ते श्रेय दोघा भावांचं नाही, आम्हा दोघींचं आहे. जावा-जावांचं पटत नाही असं ज्याने ठरवलं, त्याने आम्हाला पाहिलेलं नव्हतं.

आणि जॅक मी निवडला होता, हे खरंच. गाडीबरोबर आलेला कात्रीसारखा जॅक जरा उंच झाला की डुलायचा. त्यावर गाडी टांगून दोघे भाऊ खाली हात घालायचे आणि मला घरात बसवायचं नाही. मी एका हॉस्पिटलच्या खरेदी विभागात आहे. सलाइनच्या स्टँडपासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत वस्तू पारखून घेणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. जॅकही तसाच पारखला. रुंद बुडाचा, चाकांवर सरकणारा, गाडीच्या वजनाला पुरून बरीच ताकद शिल्लक ठेवणारा. गाडीखाली जाईल इतका बुटका आणि एका माणसाला उचलता येईल इतका हलका. ओझं जास्त झालं तर उचलायलाच नकार देईल अशी सोय असलेला. त्याच्या जोडीला चाकांखाली घालायच्या पाचरी आणि दोन घोड्या. घोड्या म्हणजे लोखंडी तिवया. जॅकने गाडी उचलायची आणि मग ती घोड्यांवर टेकवायची. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो, हे मी दोघांना इतक्यांदा ऐकवलं होतं की नवरा माझी नक्कल करायला लागला होता.

मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि शेडमध्ये बघत उभी राहिले. कामाची सवय, दुसरं काय. वस्तू सदोष म्हणून परत आली की मी आधी हात लावत नाही, नुसती बघते. जॅक गाडीखाली सपाट होता, कलंडलेला नव्हता. मागच्या चाकांच्या पाचरी जागच्या जागी होत्या, म्हणजे गाडी घरंगळली नव्हती. जॅक खाली घ्यायचा तर त्याचा लांब दांडा खोबणीत घालून पिळावा लागतो, तेव्हा आतली झडप उघडते. दांडा दूर भिंतीला टेकवून ठेवलेला होता. मी वाकून झडपेची खोबण बोटांनी चाचपली. घट्ट बंद.

झडप बंद, जॅक जागेवर, आणि गाडी खाली. असं होऊच शकत नव्हतं.

२. जाऊ दे

दिराच्या उजव्या हाताची दोन बोटं चिरडली होती. दीर चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. ज्या कामाला आपण डोळ्यांचं काम म्हणतो ते खरं तर बोटांचं काम आहे. डॉक्टर म्हणाले, प्लास्टर निघाल्यावर बघू किती वाकतात.

धाकटी दवाखान्यातून आली तेव्हा मी चहा करून ठेवला होता. तिने कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, एवढा अभ्यास करून तुम्ही हे आणलंत?" मग ती बोलायचीच थांबली. भांडली असती तर मी दोन शब्द बोलले असते, तिने चार ऐकवले असते, विषय संपला असता. ही न बोलण्याची शिक्षा मात्र मला अजिबात सोसत नाही. पुढच्या आठवड्यात मागच्या व्हरांड्यात खोकी आली. दिराच्या दुकानाजवळ दोन खोल्या पाहून झाल्या होत्या, टेम्पोवाल्याशी बोलणं झालं होतं. धाकटी खोक्यांत भांडी भरत होती, आणि जे खोकं अर्धं राहील त्यात कागदाचे बोळे कोंबून ते काठोकाठ करत होती. तिची सवयच ती. अर्धं भरलेलं काही तिला बघवत नाही. मिठाची बरणी, पाण्याचे हंडे, हात धुवायच्या साबणाची बाटली, स्कूटरची टाकी, सगळं कायम तुडुंब. या घरात आजवर काही संपलेलं मी पाहिलेलं नाही.

मी ठरवलं, टेम्पो दारात यायच्या आत हे शोधून काढायचं. जॅक वाईट असेल तर मी तिचे पाय धरायला तयार होते. पण आधी तो वाईट होता हे मला कुणीतरी दाखवून द्यावं.

सुरुवात नवऱ्यापासून केली आणि तिथेच डोकं फिरलं. घटना घडली तेव्हा तू कुठे होतास? दाढी करत होता. काय ऐकलंस? ओरडणं. मग काय केलंस? जुन्या जॅकने गाडी उचलली, हात सोडवला, गाडी परत खाली टेकवली. नव्या जॅकखाली काय दिसलं? थोडं तेल सांडलं होतं, दवाखान्यातून आल्यावर रक्ताबरोबर तेही पाणी मारून धुऊन टाकलं. मी विचारलं, नुसत्या पाण्याने तेल गेलं? गेलं की, म्हणाला. पुढचं विचारायला तोंड उघडलं तर त्याने आमच्या घराण्याचा मंत्र म्हटला: "जाऊ दे." त्याच्या मते झालं ते झालं, जॅक भंगारात द्यावा आणि विषय मिटवावा. जॅक भंगारात गेला असता तर माझा पुरावाच गेला असता. मी तो उचलून माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला आणि कुलूप लावलं. तेलाने एक साडी वाया गेली, ती गोष्ट वेगळी.

मग दीर. तो पलंगावर प्लास्टरचा हात उशीवर ठेवून छताकडे बघत पडला होता. मी विचारलं, काम काय होतं? किरकोळ, म्हणाला, ब्रेकच्या पट्ट्या बदलायच्या होत्या. एक नट घरंगळून आत गेला, तो घ्यायला हात घातला आणि गाडी एकदम खाली आली. घोडी लावली होती का?

"लावली होती, वहिनी. निसटली," तो छताला म्हणाला.

दारात धाकटी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मला वाचता आलं, की बघा, जॅकही तुमचा आणि घोडीही तुमचीच. मी उठले. मागच्या व्हरांड्यातल्या निळ्या स्टुलावर बसून चपला घातल्या. हे स्टूल दिराने आवडीने रंगवलं होतं आणि त्याचा रंग आता गोल वर्तुळात फुगून सुटला होता. धाकटी त्यावरून त्याला हसायची, की काचा नीट बसवता, रंग मात्र धड लावता येत नाही. तेवढ्यातही मला ते हसणं आठवलं आणि वाईट वाटलं.

शेडमधल्या फळीवर घोड्या होत्या. जोडी एकमेकांत अडकवलेली, आणि दोन्हीच्या पायांमधून ओवलेली कारखान्यातली प्लास्टिकची पट्टी अजून तशीच. ती कापल्याशिवाय घोड्या एकमेकींपासून सुटतच नाहीत. निसटणार कुठून? घोडी कधी लागलीच नव्हती.

३. रंगाची तक्रार

दीर खोटं बोलला होता. त्याला तिथल्या तिथे धरावं असं फार वाटलं. पण मी स्वतःला आवरलं, कारण त्याने माझा प्रश्न सुटत नव्हता. घोडी लावली नाही हा त्याचा मूर्खपणा झाला. तरीही चांगला जॅक असा आपोआप खाली बसत नाही. उद्या धाकटी म्हणाली असती, नसेल लावली घोडी, पण जॅक तर तुमचाच बसला ना? आणि तिचं बरोबरच असतं.

मी जॅक पिशवीत घालून दुकानात नेला. दुकानदाराने खरेदीच्या वेळी मला खुर्ची दिली होती. या वेळी गल्ल्यामागून उठलाही नाही. माझं सगळं ऐकून म्हणाला, ओझं जास्त टाकलं असणार. मी म्हटलं, जास्त ओझं हा उचलतच नाही, हे तुम्हीच मला दाखवलं होतं. मग म्हणाला, जमीन वाकडी असेल. नाचता येईना म्हणतात ना, तसं. मी म्हटलं, शेडला फरशी आहे आणि जॅक सपाट होता. शेवटी त्याने नाइलाजाने जॅक उलटासुलटा केला आणि तेल भरायच्या तोंडावरचं रबरी बूच मला दाखवलं.

"हे बूच उघडलंय, मॅडम. आता याची जबाबदारी आमची नाही."

बूच त्याने काढलं. थोडं सांडूनही तेल अजून काठाशी होतं, जरा कलतं केल्याबरोबर त्याच्या हातावर आलं. कारखान्यातून इतकं भरून कधीच येत नाही, तो कुरकुरला, आणि इतकं पातळही नसतं. हात पुसायला त्याने बोळा घेतला. तोवर माझं लक्ष बुचाभोवतीच्या लाल रंगाकडे गेलं होतं. तिथला रंग फुगून त्याचे पोपडे आले होते. नखाने सहज निघत होते. मी विचारलं, हे कशाने झालं? त्याने एकदाच नजर टाकली आणि सांगितलं की रंगाच्या तक्रारी ते घेत नाहीत.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मला त्या दुकानात गेली. पण एक गोष्ट हाती लागली. जॅकमध्ये कुणीतरी हात घातला होता.

घराबाहेर जॅक एकदाच गेला होता, शेजारच्या मास्तरांकडे. मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे. संध्याकाळी मी त्यांच्या दारात उभी राहिले. जॅकचं नाव काढताच त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. नेला होता, म्हणाले, बरेच आठवडे झाले, आणि दुसऱ्याच दिवशी परत ठेवला. कसा नेला? स्कूटरवर पायांपाशी, उभा करून. मग बुचातून तेल सांडलं असेल. सांडलं की, माझी नवी पिशवी भिजली, त्याचं कुणी विचारत नाही. मग तुम्ही तेल भरलंत?

"मी कशाला भरू? माझ्या ब्रेक-क्लचचं मी बघतो, लोकांच्या जॅकचं नाही. तेल सांडलंय म्हणून तुमच्या घरात सांगून आलो होतो मी."

कुणाला सांगितलंत, असं विचारलं तर मास्तर उखडलेच. आमच्याच गाडीतून तुमच्या दिराला दवाखान्यात नेलं आणि आता आमच्यावरच संशय घेता, म्हणाले. दार माझ्या तोंडावर लागलं. मी त्यांच्यावर संशय घेतला नव्हता. पण बंद दाराला काय सांगणार?

परत येताना मला एवढंच कळत होतं की मास्तरांनी परत आणला तेव्हा जॅक बराच रिकामा होता. आज तो काठोकाठ भरलेला होता. भरणारा माणूस आमच्याच घरातला होता.

४. निळं स्टूल

रात्रीच्या जेवणाआधी मी पुन्हा नवऱ्याला धरलं. तू जॅकमध्ये तेल घातलंस? नाही. मास्तर तुला काही बोलले? नाही. तुला शपथ आहे. शपथ कशाला, म्हणाला, मला तर ते बूच कुठे असतं हेही माहीत नाही. यावर माझा विश्वास बसला, कारण अज्ञानाच्या बाबतीत तो कधी खोटं बोलत नाही.

तो गाडी पुसायला शेडमध्ये गेला, मीही मागे गेले. बॉनेटवर एका जागी रंग उडून पत्रा दिसतो. तिथे तो दर वेळी थांबतो आणि त्या मेकॅनिकच्या नावाने खडे फोडतो. आजही फोडले. ब्रेकचं तेल सांडलं आणि पुसलं नाही त्या गाढवाने, ते तेल रंग खातं हे ज्याला कळत नाही त्याने मेकॅनिक व्हावंच कशाला, वगैरे. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की कानाआड करायची सवय झाली होती. त्या दिवशी मात्र मी त्याचा हात धरला.

"काय खातं?"

"रंग. ब्रेकचं तेल रंग खातं. रबरही नाही चालत त्याला कुठलंही. ब्रेकला त्याचं वेगळं रबर असतं."

जॅक मी कपाटातून काढून आणला आणि बुचाभोवतीचे पोपडे त्याला दाखवले. त्याने बोट लावून वास घेतला आणि गंभीर झाला. मग माझ्या डोक्यात सगळं जागेवर बसत गेलं. जॅकच्या आत तेलाचा दाब पेलणारी रबरी कडी असतात. त्यांना जॅकचं तेल मानवतं. ब्रेकचं तेल त्या रबराला फुगवतं, मऊ करतं. आठवडेच्या आठवडे ती कडी त्यात भिजत राहिली. वरून जॅक धडधाकट, झडपही बंद. गाडी उचलली तेव्हा त्याने उचलली, थोडा वेळ धरली, आणि मग रबराने दम सोडला. फरशीवरचं तेल नुसत्या पाण्याने धुतलं गेलं तेही यामुळेच. ब्रेकचं तेल पाण्यात मिसळतं.

"आपल्याकडे ब्रेकच्या तेलाची बाटली होती ना?" मी विचारलं.

होती, म्हणाला, नवी, न फोडलेली, फळीवर. फळीवर बाटली नव्हती. त्याने खालचे डबे हलवून पाहिले. मी पाहिलं नाही. रंग फुगून सुटलेलं एक वर्तुळ, बाटलीच्या बुडाएवढं, मी रोज बघत होते. त्यावर बसून चपला घालत होते.

निळं स्टूल मागच्या व्हरांड्यात असतं. घरातल्या बरण्या, बाटल्या, दिवसाचं सगळं भरणं तिथेच होतं. आणि ते भरणारी एकच आहे.

कुणाला तरी धरून झापायचं म्हणून मी आठवडाभर दात-ओठ खात फिरत होते. आता दातही आपलेच निघाले आणि ओठही आपलेच. नवऱ्याला कळलं की नाही कोण जाणे. तो बॉनेट पुसत राहिला आणि हळूच म्हणाला, "जाऊ दे."

पहिल्यांदा मला वाटलं, खरंच जाऊ द्यावं का?

५. कुठलं तेल

व्हरांड्यात धाकटी ताटल्या कागदात गुंडाळत होती. मी स्टुलावर बसले. तिने मान वर केली नाही.

मी विचारलं, मास्तर जॅक परत द्यायला आले होते तेव्हा घरात कोण होतं? एवढ्या दिवसांनी तिला माझ्याशी बोलावं लागलं. मीच होते, म्हणाली. तेल सांडलं म्हणाले ते, ओशाळले होते बिचारे. मग? मग काय, भरून ठेवला. दुसऱ्याकडून वस्तू रिकामी आली म्हणून आपण रिकामीच ठेवायची का? तिने भिंतीतल्या कपाटाकडे हनुवटीने खूण केली. खालच्या कप्प्यात, रॉकेल आणि फिनेलच्या शेजारी, ती बाटली होती. गाडीच्याच फळीवरची, जॅकच्या तेलासारखीच मधाच्या रंगाची. धाकटीने जपून, टोपण घट्ट लावून ठेवली होती.

ती पुन्हा ताटल्यांकडे वळली. तिला काहीच कळलेलं नव्हतं. मी उठून गेले असते तर पुढेही कधी कळलं नसतं. मी मोठ्या मनाची वगैरे नाही. मला बोलायचं होतं, माझा जॅक चांगला होता हे तिच्याकडून ऐकायचं होतं, आणि त्याच वेळी जीभ रेटत नव्हती. पण ती बाटली तिथेच राहणार होती. धाकटी उद्या नव्या घरी कुणाचं तरी काहीतरी भरणार होती. तिच्यापासून हे लपवणं म्हणजे तिला मूर्ख समजणं होतं, आणि ती मूर्ख नाही.

"धाकटे, ते ब्रेकचं तेल आहे. जॅकमधलं रबर त्याने सडतं," मी म्हटलं. "म्हणून गाडी खाली आली."

हातातली ताटली तिने खाली ठेवली. बाटलीकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं. मी काय काय आणि कसं शोधलं ते तिने विचारलं, आणि मी सांगितलं. रंग, पाणी, बूच, सगळं. तिने एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "म्हणजे त्यांची बोटं मी चिरडली."

"तेल मी टाकलं होतं." दारातून आवाज आला. दीर प्लास्टरचा हात छातीशी धरून उभा होता. "मीच भरलं, वहिनी. हिचा काही संबंध नाही."

मास्तर आले तेव्हा तो दुकानात होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मला त्याची दया आली आणि रागही आला, आणि रागच आधी बाहेर पडला. मी शेडमध्ये गेले, घोड्यांची जोडी उचलून आणली आणि त्याच्या पायाशी ठेवली. ओवलेल्या पट्टीसकट.

"भाऊजी, किती खोटं बोलणार अजून?" मी म्हटलं. "ही कापून दाखवा बघू, कशी निसटली."

तो घोडीकडे बघत राहिला. मग जमिनीवरच बसला. म्हणाला, लावलीच नव्हती. एवढंसं काम, त्याला कोण घोडी लावतं, असं वाटलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा लाज वाटली म्हणून लावली होती म्हणालो, आणि मग तेच म्हणत राहिलो. तेल कसलंही असतं तरी, तो बायकोकडे न बघता म्हणाला, घोडी असती तर गाडी घोडीवर बसली असती. माझ्या हातावर नाही.

धाकटी त्याच्याकडे वळली. "तुम्ही म्हणालात, घोडी निसटली. त्या शब्दावर मी ताईंशी बोलणं सोडलं. घर सोडायला निघाले."

त्याने ती जोडी डाव्या हाताने बाजूला सारली. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, पण संन्याशाला आता त्यात काही समाधान वाटेना.

६. हिला विचारा

टेम्पो आला नाही. खोकी उघडली गेली, भांडी फळ्यांवर परत गेली. नवरा म्हणाला, बघ, मिटलं ना? काही मिटलं नव्हतं. धाकटी आधी रागाने बोलत नव्हती, आता लाजेने बोलत नव्हती. तिने भरायचंही सोडलं. मिठाची बरणी एक दिवस तळाला गेली आणि मला त्या रिकाम्या बरणीकडे बघून भडभडून आलं. खटला मी जिंकले होते. पण ज्या माणसासाठी लढले तेच घरात असून मला मिळत नव्हतं.

प्लास्टर निघालं. एक बोट वाकतं, दुसरं अर्धंच वाकतं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करत राहा. दीर रोज सकाळी गरम पाण्यात हात बुडवून बसतो, धाकटी त्याची बोटं एकेक करून वाकवते आणि त्याच्या तोंडाकडे बघत नाही.

एके दिवशी माझा संयम संपला. मी तिला म्हटलं, पायात चपला घाल, जॅक आणायचाय. ती म्हणाली, तुम्ही आणा ना. मी म्हटलं, मी नाही निवडणार. तू निवडायचास. ती नको म्हणाली, मग खूप नको म्हणाली, मग माझ्या आवाजाला घाबरून निघाली.

त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने मला ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याने भराभर जॅक मांडले. उंच, बुटके, लाल, निळे. मी मागे टायरांच्या चळतीशी जाऊन उभी राहिले. धाकटी बराच वेळ नुसती बघत होती. मग तिने एकाचं बुड दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, आणि बाजूला सारलं. दुसऱ्याचं बूच कुठे आहे ते शोधलं.

"यात कुठलं तेल?" तिने विचारलं. दुकानदार म्हणाला, कुठलंही चालतं. तिने तो जॅक उचलून त्याच्या गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाली, "कुठलंही चालत नाही. नीट सांगा. कुठलं तेल, किती, कुठवर, आणि सांडलं तर काय करायचं."

तो आत जाऊन माहितीचा कागद शोधू लागला. धाकटी माझ्याजवळ आली. "ताई, तुमचा जॅक..." एवढंच तिला म्हणता आलं. महिनाभर मी याच वाक्याची वाट पाहत होते, आणि आता ते पुरं ऐकणं माझ्याच्याने होईना. राहू दे ग, मी म्हटलं. ती माझा दंड धरून रडली, तिथेच, रबराच्या वासात. मीही रडले. दोघींनाही रुमाल सापडेना.

दुकानदार कागद घेऊन आला आणि आमच्याकडे बघून गोंधळला. मग घसा साफ करून मला म्हणाला, "मग मॅडम, कोणता देऊ?"

"हिला विचारा," मी म्हटलं.